ऑपरेशन झालेली बाई

“सर, तुमची यौवनलोपी ग्रंथी लोपली का हो?”

बाकाची कड एका हाताने घट्ट धरून वैजयंतीने हे एका दमात विचारून टाकलं. अकरावी विज्ञानाच्या वर्गात सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागच्या बाकावर मंगला सोनारने तोंडात ओढणीचं टोक कोंबलं आणि तिच्या खांद्यांवरून सगळ्यांना कळलं की ती हसते आहे.

पैज मंगलाचीच होती. पुस्तकात थायमसपुढे तो जाडजूड शब्द छापलेला होता आणि खाली लिहिलं होतं की ही ग्रंथी लहानपणी मोठी असते, तारुण्यात आकसत जाते आणि पुढे तिच्या जागी नुसती चरबी उरते. मुलींना तो शब्द फारच आवडला होता. देवरे सरांना जी कोणी हे विचारेल, तिला मंगला आपलं नवं शाईपेन दोन दिवस वापरायला देणार होती. वर्षापूर्वी वैजयंती असल्या पैजेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. पण दिवाळीआधी वक्तृत्व स्पर्धेत ती तालुक्यात दुसरी आली, आणि तेव्हापासून तिचा हात आपोआप वर जायचा. वर गेल्यावर काय बोलायचं ते तिचं तिलाच मागाहून कळायचं.

देवरे सरांनी खडू टेबलावर ठेवला. छातीवर हात ठेवून क्षणभर अंदाज घेतल्यासारखं केलं.

“लोपली असणार. चव्वेचाळीस पूर्ण झाली मला. तुमची अजून शाबूत आहे, म्हणून तर असले प्रश्न सुचतात.”

वर्ग मोकळेपणी हसला. पैज जिंकून झाली होती, खाली बसायला काही हरकत नव्हती. वैजयंती बसली नाही.

“आणि सर, मोठ्या माणसाची ती कोणी कापून काढली तर?”

हे पैजेत नव्हतं. मंगलाने तोंडातून ओढणी काढली.

सर म्हणाले, ग्रंथी ही एक शाळा आहे असं समज. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे शिकतात आणि शिकून अंगभर पांगतात. माणूस मोठा होईपर्यंत बहुतेक सगळ्या शिकून गेलेल्या असतात, मग शाळेचं काम उरत नाही.

“मग शाळा पाडली तरी काही बिघडत नाही?”

“पुस्तकाप्रमाणे नाही बिघडत.”

“आणि पुस्तक सोडून?”

सरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. कोणाची काढली, असं त्यांनी विचारलं नाही. गावातल्या नव्या मेडिकल कॉलेजात त्यांचा एक मित्र शिकवत होता, त्याला विचारून शनिवारी सांगतो म्हणाले आणि खडू पुन्हा हातात घेतला.

ती ग्रंथी वैजयंतीच्या आईची काढलेली होती.

पुष्पाबाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या आणि वैजू दहाची. आधी त्यांची उजवी पापणी पडायला लागली. मग संध्याकाळच्या भाकरी थापता थापता हात खांद्यातून गळून यायला लागले. शेवटी पाणी प्यायलं की ते नाकातून परत यायचं. सकाळी उठल्यावर मात्र सगळं ठीक असायचं, त्यामुळे वर्षभर घरातल्या सगळ्यांना ते कामचुकारपणाचं सोंग वाटलं. वैजूलाही वाटलं होतं. ही गोष्ट तिने अजून कोणाला सांगितली नव्हती.

मग धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी रोग ओळखला. छातीतली ग्रंथी उलटली आहे, तिच्यामुळे स्नायू थकतात, काढावी लागेल असं सांगितलं. मुंबईला नेऊन छातीचं हाड मधोमध कापलं आणि ती काढली. वैजूचे वडील सुकदेव बोरसे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. ऑपरेशनची हकीगत सांगताना ते बॉनेट उघडावं तसे दोन्ही हात वर करून दाखवायचे. गुण यायला दोन वर्षं लागली, पण आला. दिवसाला आठ गोळ्या लागायच्या त्या एकीवर आल्या, मग तीही सुटली. पापणी जागेवर बसली. पाणी घशातून खाली जायला लागलं.

आणि मग बाकीचं सुरू झालं. एका हिवाळ्यात धरलेला खोकला होळीपर्यंत सुटला नाही. मधूनच ताप यायचा, चार दिवस राहायचा आणि कारण न सांगता निघून जायचा. तोंड यायचं. या दिवाळीनंतर कमरेला नागीण उठली आणि पुष्पाबाई तीन आठवडे कुशीवर पडून होत्या. अजूनही तिथे निऱ्या खोचताना त्या ओठ दाबायच्या.

डॉक्टर म्हणाले, याचा ऑपरेशनशी काही संबंध नाही. शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या, सगळा संबंध त्याच्याशीच आहे, देवाने दिलेली वस्तू अंगातून काढल्यावर दुसरं काय होणार. नानांनी देवपुरातल्या, म्हणजे आपल्याच वस्तीतल्या, पाण्याला दोष दिला. आई काहीच म्हणायची नाही. वैजूला तिघांचंही थोडं थोडं पटायचं आणि मग डोक्यात नुसता गुंता व्हायचा.

डॉक्टरांकडे त्या रोगाचा पेशंट क्वचितच यायचा. आला, आणि छाती कापायची म्हटल्यावर घरचे घाबरले, की डॉक्टर त्यांना नानांचा पत्ता द्यायचे. ऑपरेशन झालेली बाई आधी बघून या, मग ठरवा. आतापर्यंत असे दोघे येऊन गेले होते. नाना अशा दिवशी रजा टाकायचे, पायजमा इस्त्री करायचे, दोन खुर्च्या शेजारून आणायचे. एखादी मुलगी दाखवायची असावी तसं सगळं चालायचं, फक्त दाखवायची ती आई असायची. पाहुण्यांना नेहमी सकाळी बोलवायचं. आणि मांडे करायचे.

मांडे आईनेच सुचवले होते. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत, फिरवत ओढणीएवढी पातळ करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. तेवढा वेळ हात छातीच्या उंचीवर धरून ठेवावे लागतात. रोग असताना आईला कंगवा केसांपर्यंत नेता येत नव्हता. खानदेशातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मांडा खापरावर पडताना पाहिला की पुढचं काही विचारायची गरजच उरत नाही.

या रविवारी सोनगीरची माणसं येणार होती. बुधवारी कार्ड आलं होतं. लोटन नावाचा शेतकरी, त्याची आई आणि बायको.

“नागिणीचं काढायचं नाही,” नाना म्हणाले. “तापाचंही नाही.”

“आणि विचारलं तर?” वैजू म्हणाली.

“विचारत नाहीत ते. त्यांना बघायचं असतं.”

शनिवारी तास संपल्यावर देवरे सरांनी तिला थांबवलं. मित्राला विचारलं होतं. मोठेपणी ही ग्रंथी काढली तर फरक पडत नाही असं मानतात, असं तो म्हणाला. सरांनी त्याला पुढे विचारलं, ज्यांची काढली त्यांच्याकडे दहा-वीस वर्षांनी कोणी जाऊन पाहिलं का?

“काय म्हणाले ते?”

“म्हणाला, रोग बरा झाला की पेशंट घरी जातो. नंतर त्याला कोण शोधत बसणार?” सरांनी हजेरीपट काखेत मारला. “तुला हवं होतं तसं उत्तर मिळालं नाही.”

आपल्याला कसं उत्तर हवं होतं, हेच वैजूला आठवेना.

रविवारी सोनगीरची माणसं साडेआठलाच आली. धुरपदाबाई पुढे होत्या, साठीच्या, उंच, डोईवरचा पदर दातात धरलेल्या. मागे लोटन, हातात टॉवेल गुंडाळलेला नारळ. आणि त्याच्यामागे इंदिरा. ती बावीस-तेवीसची असेल. ती बसली, कोपर मांडीवर टेकवलं आणि हनुवटीखाली मूठ ठेवली. वैजूला वाटलं, ही लाजते आहे की रुसली आहे? मग चहा आला. कप तोंडाला लावायला इंदिराने मूठ काढली आणि मान हळूहळू पुढे झुकली, तेव्हा वैजूच्या लक्षात आलं. डोकं तोलून धरायला ती मूठ होती.

इंदिराने चहा घेतलाच नाही. धुरपदाबाईंनी पिशवीतून एक लहान पातेली काढली, दुधात कालवलेली भाकरी बोटांनी आणखी मऊ केली आणि सुनेला दोन-दोन घास करून भरवली. भरवताना त्यांचं स्वतःचं तोंड उघडत, मिटत होतं. ओठाच्या कडेने दूध ओघळलं ते त्यांनी आपल्या पदराने टिपलं.

नंतर त्यांनी सगळं स्पष्ट सांगून टाकलं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. लोटन एकुलता. मुंबईला जायचं तर महिनाभर शेत वाऱ्यावर सोडायचं. तेही करू, पण पोर कामाची होऊन घरी आली पाहिजे. छाती कापून जन्मभर अंथरुणातच राहणार असेल तर तिला तिच्या आईबापाकडे पोचवलेली बरी, निदान आईच्या हातचं खाईल. पुढच्या रविवारी पोचवायचं जवळजवळ ठरलंच होतं. डॉक्टर म्हणाले, आधी एकदा बघून या, म्हणून आलो.

हे सगळं इंदिरासमोरच चाललं होतं. ती मुठीवर हनुवटी ठेवून खाली बघत होती. लोटन छताकडे.

आई त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. चूल आधीच पेटलेली होती, खापर तापलं होतं. पहिली कणीक आईच्या हातांवर चढली तेव्हा धुरपदाबाई पाटावर बसल्या होत्या. मांडा पसरत गेला तशा त्या उठून जवळ गेल्या आणि त्यांची नजर मांड्यावर नाही, आईच्या कोपरांवर खिळली. एक मांडा, दोन, पाच. आईचे दंड थरथरले नाहीत. निऱ्यांच्या जागी साडी घासत होती, तिथे मात्र ती दर वेळी कमरेतून किंचित उजवीकडे झुकायची. हे फक्त वैजूला दिसत होतं. निदान तिला तसं वाटलं.

“हाई बठ्ठं तुम्हीच कयं?” धुरपदाबाईंनी टोपलीत पडलेल्या मांड्यांच्या घड्यांकडे पाहून विचारलं.

“सगळं मीच केलं. रोज नाही करत,” आई हसून म्हणाली. “पण करता येतं.”

नाना दारात उभे राहून कौतुकाने बघत होते. लोटनला ते सांगत होते की गाडीचा एखादा पार्ट निकामी झाला की तो काढूनच टाकायचा, ठेवला तर बाकीच्या इंजिनाला मारतो. लोटन मान हलवत होता, पण त्याचंही लक्ष चुलीकडेच होतं.

मग धुरपदाबाईंनी छातीवरची खूण पाहायला मागितली. आई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं. नाना लोटनला पुढच्या दारी घेऊन गेले आणि अंगणात वैजू आणि इंदिरा दोघीच राहिल्या. वैजू टोपलीवर फडकं टाकत होती. मागून आवाज आला. नाकातून येणारा, शब्दांच्या कडा झिजल्यासारखा.

“खरं सांगशी का?”

इंदिराने एका बोटाने आपली डावी पापणी वर उचलून धरली होती, आणि त्या फटीतून ती वैजूकडे बघत होती.

“तुनी माय आजारी पडस का?”

नाना म्हणाले होते, विचारत नाहीत. वैजूच्या हातात फडकं तसंच राहिलं. घराच्या आत बायका हळू आवाजात बोलत होत्या. हो म्हटलं तर ही पुढच्या रविवारी माहेरी जाणार, आणि दुधात कालवलेल्या भाकरीचे दोन घासही जेव्हा घशाखाली उतरेनासे होतात तेव्हा काय होतं, हे वैजूने सहा वर्षांपूर्वी याच घरात पाहिलं होतं. नाही म्हटलं तर ही मांडे बघून मुंबईला जाणार, आणि तिला काहीच माहीत नसणार. शाळेत हात वर केल्यावर शब्द आपोआप यायचे. आत्ता एकही येईना.

मग सगळेच एकदम आले. तापाचं, होळीपर्यंत पुरलेल्या खोकल्याचं, तोंड येतं त्याचं, नागिणीचं. ते ऑपरेशनमुळे होतं की नाही, कोणाला माहीत नाही. डॉक्टर नाही म्हणतात. पुस्तकही नाही म्हणतं. पण जाऊन कोणी पाहिलेलं नाही. मांड्यांच्या दिवसानंतर आई दोन दिवस झोपून असते. बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि आपण घर विकून टाकतो आहोत असं तिला वाटलं.

इंदिराने शेवटपर्यंत ऐकलं. दमून तिची पापणी बोटाखालून सुटली, ती तिने पुन्हा वर धरली.

“पानी पेता येस ना तिले?”

“हो.”

“गिलासवरी?”

वैजूने मान हलवली. ग्लासने, तांब्याने, उभ्याने, कसंही.

“मंग,” इंदिरा म्हणाली. तिचे गाल वर गेले, पण ओठ आडवेच राहिले. ते हसू होतं, हे वैजूच्या थोड्या वेळाने लक्षात आलं.

एवढंच बोलून इंदिराने पुन्हा मुठीवर हनुवटी ठेवली. आपण सांगितलेल्यातलं तिने काय घेतलं आणि काय सोडून दिलं, हे वैजूला समजेना. तिला आणखी सांगायचं होतं, नीट, क्रमाने. पण आतलं दार उघडलं.

जेवणं झाली. धुरपदाबाईंनी आईची ओटी भरली, तिच्या कपाळावर कुंकू लावताना त्यांचा अंगठा क्षणभर तिथेच थांबला. सगळे दारापर्यंत आले. लोटनने चपला घातल्या. तेवढ्यात धुरपदाबाई वळल्या आणि आईकडे नाही, नानांकडे नाही, वैजूकडे आल्या. मोठी माणसं पाहुण्यांसमोर बरंच बोलतात, असं काहीसं त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिचं मनगट धरलं.

“पोरी, तू सांग. तुनी माय बरी शे का?”

नानांनी खोकल्यासारखं केलं. आई कोपऱ्यात ओटीचे तांदूळ पदरात सावरत उभी होती. इंदिरा भिंतीला टेकली होती. तिने या वेळी पापणीला हात लावला नाही. दोन्ही डोळे अर्धे मिटलेले, तशीच ती वैजूकडे तोंड करून राहिली.

“बरी आहे,” वैजू म्हणाली.

धुरपदाबाईंनी मनगट सोडलं. बाहेर पडता पडता त्या लोटनला म्हणाल्या की उसाच्या पाण्याचं चुलत्याला सांगून ठेव, आणि मुंबईच्या गाडीची चौकशी आजच करून जाऊ. लोटन पहिल्यांदाच हसला. जाताना इंदिराने मागे वळून पाहिलं नाही. मान वळवणं तिला जमत नसावं.

दुपारी चारपर्यंत आईला ताप भरला. नानांनी खुर्च्या शेजारी पोचवल्या, परत आले आणि आईच्या पायांवर गोधडी टाकून खाटेच्या कडेवर बसले. ते खुशीत होते. आणखी एक घर वाचलं म्हणाले.

वैजू उंबऱ्यावर बसली होती. पुढ्यात जीवशास्त्राचं पुस्तक होतं, पान उलटत नव्हतं. एकाच सकाळी, एकाच घरात तिने एकीला एक सांगितलं होतं आणि दुसरीला दुसरं. त्यातलं खोटं कोणतं, हे ती शोधत होती आणि सापडत नव्हतं. दोन्ही खरंच वाटत होतं, आणि दोन्ही मिळून काहीतरी खोटं होत होतं.

“मी तिला सांगितलं,” ती शेवटी म्हणाली. “इंदिरावहिनीला. तापाचं, नागिणीचं, सगळं.”

नानांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी निघून गेली.

“तुला काय सांगितलं होतं मी?”

“तिने विचारलं.”

“लहान आहेस का तू? उद्या तिने सासूला सांगितलं, आणि नाही गेली ती मुंबईला, मग? कोणावर येईल ते?”

“जाऊ द्या,” आई गोधडीतून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. ती सांगायला लागली की मुंबईत ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनेही असंच विचारलं होतं. ती बाई म्हणाली होती, काही होत नाही गं, जा बिनधास्त. त्या एका वाक्यावर आपण टेबलावर चढलो. नंतर ताप यायला लागले तेव्हा ती बाई पुष्कळदा आठवली. राग नाही आला. तिलाही येत असतील का, एवढंच वाटायचं.

“मग विचारायचं ना तिला,” वैजू म्हणाली.

“कुठे विचारणार? नावही नाही माहीत.”

वैजू उठून आत आली. खाटेजवळ उभी राहिली.

“पण आपल्याकडे आले होते त्यांची तर नावं माहीत आहेत. ते पाचोऱ्याचे कौतिकभाऊ, चार वर्षांपूर्वी आलेले. आणि भुसावळच्या वच्छलाबाई. त्यांचं काय झालं?”

आईने नानांकडे पाहिलं. हे यांना माहीत असेल असं इतकी वर्षं तिने धरून चाललं असावं, तसं ते पाहणं होतं.

“बरेच असतील,” आई म्हणाली. “काही झालं असतं तर कळवलं असतं.”

“बरं झालं तर कळवत नाहीत का?”

आईने गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

“मी जाऊन विचारते,” वैजू म्हणाली. “पाचोऱ्याला सकाळच्या गाडीने गेलं तर संध्याकाळपर्यंत परत येता येतं.”

“पाचोऱ्याला नको,” नाना म्हणाले. “जायचंच तर भुसावळला जा. वच्छलाबाई चांगल्या आहेत, घरचं सगळं करतात म्हणे.”

ते हे नेहमीच्या आवाजात म्हणाले. पण म्हणून झाल्यावर त्यांनी गोधडीचं टोक उचललं, उगाच झटकलं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. आई कोपरावर उठून बसली. तिच्या कपाळावर सकाळचं कुंकू घामाने पसरलं होतं.

“कौतिकभाऊ गेले? कधी?” तिने विचारलं.

नाना गोधडीकडे बघत होते.

“दोन आखाजी झाल्या, दोन वर्षं,” ते म्हणाले. “डेपोतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं.”

“ऑपरेशन झालं होतं त्यांचं?”

“माहीत नाही.”

“मग कशाने?”

“विचारलं नाही मी.” नानांचे हात मांडीवर उताणे पडले होते. “विचारून काय करणार होतो? ऑपरेशनमुळे म्हणाला असता, तर घरी येऊन तुझ्याकडे कसं बघितलं असतं? आणि ऑपरेशन केलं नाही म्हणून गेला म्हणाला असता, तर…”

आईने दोन्ही तळहात गोधडीवर पालथे ठेवले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. कौतिकभाऊ आले त्या दिवशी तिने किती मांडे केले होते, ते वैजूला आठवत होतं. त्यांनी तीन खाल्ले होते, मऊ करून, तुपात बुडवून. प्रत्येक घासाला थांबत. आणि जाताना म्हणाले होते, ताई, तुम्हाला बघून धीर आला.

ते मुंबईला गेले असतील? की पाचोऱ्याला पोचेपर्यंत धीर सरला असेल? त्यांच्या घरात कोणाला तरी तोंडपाठ असेल की कोणत्या महिन्यात काय झालं. वैजूने दोघांकडेही पाहिलं. वर्गात उभी राहायची तशी ती उभी राहिली, पण या वेळी काय बोलायचं ते तिला आधी माहीत होतं, आणि म्हणूनच तोंडातून शब्द निघायला वेळ लागला.

“मी रविवारी पाचोऱ्याला जाणार आहे,” ती म्हणाली. “आधी पाचोऱ्याला. भुसावळला त्याच्या पुढच्या रविवारी. आणि सोनगीरला दर वर्षी.”